डिसेंबरात लग्न, सात दिवसांची सुट्टी. हनिमूनसाठी निसर्गरम्य ठिकाण कोणतं निवडावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात, दोघांनाही सात दिवसांची सुट्टी, यादीत मनाली, अंदमान, बाली आणि केरळ. डोंगर, हिरवळ आणि पाणी हवं, गर्दी नको, आणि पॅकेज घ्यावं की नाही हे ठरत नाही. माझं उत्तर केरळ. त्यातही मुन्नारला तीन रात्री आणि पाण्याकाठी दोन, बस्स.

मी मूळची कोल्हापूरची, पण नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं कोचीत आहोत, तेव्हा माझं मत थोडं झुकतं आहे हे धरून चाला. त्याचा एक फायदाही आहे. सासर-माहेरची नवी जोडपी जाताना नाहीतर परतताना आमच्याकडे एक रात्र उतरतातच, आणि ‘कोचीची काकू’ म्हणून त्यांचं पॅकेज आधी माझ्यासमोर येतं. परत आल्यावर कोण जागेबद्दल बोलतं आणि कोण नुसतं गाडी लागली, कंबर धरली एवढंच सांगतं, हे ऐकून ऐकून माझं मत बनलंय.

पहिला हिशेब सुट्टीचा. त्या सात दिवसांत घरचा सत्यनारायण आणि कुलदैवताचं दर्शन धरलंय का? बहुतेक नसेल. जेजुरी असेल तर एका दिवसात उरकतं, तुळजापूर असेल तर दुसऱ्या दिवशी कोणी अंथरुणातून उठत नाही. म्हणजे हातात राहतात पाच रात्री. यादी या पाच रात्रींवर घासून बघा.

मनालीला दिल्लीपर्यंत विमान आणि पुढे रात्रभराची बस. जाऊन-येऊन पाचातल्या दोन रात्री रस्त्यावरच गेल्या. रोहतांग खिंड थंडीत बंद असते. तिच्याखालून जाणारा अटल बोगदा २०२० पासून सुरू आहे खरा, पण बर्फ जोरात पडला की पर्यटकांच्या गाड्या बोगद्याच्या अलीकडे सोलंगलाच अडवतात, आणि बर्फ नाही पडला तर ज्यासाठी गेलात तेच नाही. शिवाय कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेल्या हातावर जाकीट चढवणं काय असतं ते एखाद्या नव्या नवरीला विचारा. लग्न मेमध्ये असतं तर मी स्वतःच मनाली सुचवलं असतं.

बालीत डिसेंबर म्हणजे पावसाळा. एवढं म्हणणं पुरे.

अंदमान मात्र सहज उडवून लावता येत नाही. डिसेंबर तिथला उत्तम महिना, स्वराज द्वीपवरचा (म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक) राधानगरचा किनारा फोटोत दिसतो तितकाच सुंदर आहे, आणि श्री विजयपुरमचं (म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) सेल्युलर जेल आपल्या माणसाने एकदा बघावंच. अडचण वेळेची. पुण्याहून एक विमान बदलून पोचायचं, मग बोटीने स्वराज द्वीप, तिथून शहीद द्वीप (पूर्वीचं नील), पुन्हा परत. समुद्र खवळला तर बोट रद्द होते आणि पुढची सगळी साखळी कोलमडते, म्हणून परतीच्या विमानाआधी एक मोकळी रात्र हाताशी लागतेच. आणखी एक गोष्ट पॅकेजवाले सांगत नाहीत: घड्याळ आपलंच, पण बेटं खूप पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. सकाळी पाचला उठणारी माणसं असाल तर मजा आहे. दहाला उठणारी असाल तर दिवस हाताला लागत नाही. सात पूर्ण रात्री मिळाल्या आणि दोघंही समुद्रवेडे असलात तर खुशाल अंदमानला जा. पाच रात्रींत नको.

आता केरळ. इथे पाऊस दोनदा येतो, एकदा जूनमध्ये आपल्यासारखा आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. दुसरा पाऊस डिसेंबरपर्यंत बहुतेक ओसरलेला असतो, पण डोंगर अजून ओले असतात. महाबळेश्वर मार्चमध्ये पिवळं पडलेलं बघितलेल्या माणसाला डिसेंबरातली ही हिरवळ खोटी वाटते. आणि तुमची तारीख नाताळच्या आधीची आहे. २० डिसेंबरनंतर मुन्नारच्या घाटात गाड्यांच्या रांगा लागतात, खोल्यांचे भाव चढतात, ते साधारण ३ जानेवारीपर्यंत उतरत नाहीत. तेव्हा १० ते १८ या आठवड्यात निघा. घरचे म्हणाले की लग्नानंतर जरा थांबा, पाहुणे जाऊ द्या, तर हे कारण सांगा.

मात्र ‘केरळ’ म्हणून जे पॅकेज तुमच्यासमोर येईल ते असं असेल: मुन्नार दोन रात्री, थेकडी एक, अलेप्पीची हाऊसबोट एक, कोवलम एक. कागदावर भरगच्च दिसतं. आता गाडीचे तास मोजा. कोची विमानतळ ते मुन्नार ११० किलोमीटर, घाटामुळे चार तास. मुन्नार ते थेकडी नव्वदच्या आसपास, पण सगळी वळणं, साडेतीन तास. थेकडी ते अलेप्पी चार-पाच तास, अलेप्पी ते कोवलम आणखी तेवढेच. एस.टी.च्या विनाथांबा गाडीसारखा हनिमून होतो. त्यात नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलेची यात्रा चालू असते. काळी वस्त्रं नेसलेल्या अय्यप्पा भक्तांच्या गाड्यांनी थेकडीकडचे रस्ते भरलेले असतात. थेकडीचा पेरियार तलाव चांगला आहे, पण एका रात्रीसाठी तुमच्या दोन दिवसांचे तुकडे पडतात. थेकडी गाळा, कोवलम गाळा. एवढं केलंत की निम्मं काम झालं.

मुन्नारमध्ये राहायचं कुठे, हा खरा प्रश्न. गावात अजिबात नको. तिथे बसस्टँड, बाजार आणि हॉर्न. देवीकुलम, चिन्नकनाल, सूर्यनेल्ली या पूर्वेच्या बाजूला चहाचे मळे मोठे आणि मोकळे आहेत, थंडीही जास्त. आनच्चाल-पळ्ळिवासलच्या बाजूला वेलदोड्याची दाट झाडी, जरा ऊब, आणि कोचीहून येताना प्रवास थोडा कमी. मी पूर्वेची बाजू घेईन, पण चिन्नकनालच्या भागात रानहत्ती फिरतात, त्यामुळे रात्री जेवण झाल्यावर ‘जरा चालून येऊ’ हे तिथे चालत नाही. हॉटेलवाल्याला फोन करून एकच विचारा: आमच्या खोलीच्या गॅलरीतून काय दिसतं? ‘व्ह्यू रूम’ या नावाखाली समोरच्या हॉटेलची पाण्याची टाकी दाखवणारेही आहेत. त्याच खोलीच्या गॅलरीतून काढलेला फोटो मागवा. पैसे वाचवायचे असतील तर गाडीत वाचवा, जेवणात वाचवा, या गॅलरीत वाचवू नका, कारण तीन दिवसांतला सगळ्यात चांगला वेळ तुम्ही तिथेच घालवणार आहात.

पहिला दिवस पोचण्यातच जातो, जाऊ द्या. नेर्यमंगलमचा पूल ओलांडला की घाट सुरू होतो. वाटेत चीयप्पारा आणि वालराचे धबधबे लागतात, तिथे चहाला उतरा. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यान, तिकीट आधीच ऑनलाइन काढून. उद्यानाच्या बसने वर नेतात आणि पुढे डांबरी वाटेने चालायचं. नीलगिरी ताहर म्हणजे इथली रानबकरी, एरवी दुर्मिळ, पण इथे वाटेच्या कडेला चरत असते. समोर अनामुडी, २,६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सगळ्यात उंच शिखर. त्यावर चढू देत नाहीत, बघायचं फक्त. (फेब्रुवारी-मार्चमध्ये ताहरच्या विणीच्या काळात उद्यान बंद ठेवतात, तुमच्या तारखांना चालू असेल.) जाहिरातीत जांभळ्या फुलांनी भरलेले डोंगर दाखवले असतील तर ती नीलकुरिंजी. बारा वर्षांनी फुलते, २०१८ मध्ये फुलली होती, आता २०३०.

माट्टुपेट्टी धरण आणि इको पॉइंट ड्रायव्हर हमखास दाखवतो. स्पीडबोट आणि मक्याची कणसं याशिवाय तिथे काही नाही. त्याच रस्त्याने पुढे टॉप स्टेशनपर्यंत गेलात तर तमिळनाडूच्या बाजूची खोल दरी दिसते. नाव ऐकून स्टेशन शोधू नका. एके काळी मुन्नारहून इथवर छोटी रेल्वे यायची आणि चहाच्या पेट्या इथून रोपवेने खाली उतरायच्या. १९२४ च्या महापुरात ती रेल्वे वाहून गेली, नाव तेवढं उरलं.

तिसऱ्या दिवशी दोनपैकी एक निवडा. कोळुक्कुमलैला पहाटे चारच्या सुमाराला सूर्यनेल्लीहून जीप निघते. रस्ता म्हणण्यासारखा रस्ता नाही, नुसते दगड. वर ढगांचा समुद्र आणि त्यातून उगवणारा सूर्य. या सगळ्या भागात यापेक्षा भव्य काही मी पाहिलेलं नाही. पण लग्नाच्या धावपळीत पाठ धरली असेल तर ही जीप ती पूर्ण मोडेल. तसं असेल तर मरयूरला जा, चाळीस किलोमीटरवर. पर्जन्यछायेतला कोरडा प्रदेश, चंदनाचं राखीव जंगल, उसाची शेतं आणि गुऱ्हाळं. ताज्या गुळाचे हाताने वळलेले काळसर गोळे मिळतात. कोल्हापूरच्या बाईने दुसऱ्याच्या गुळाला चांगलं म्हटलं, यावरून काय ते समजा.

शेवटच्या दोन रात्री पाण्याकाठी. हाऊसबोटीबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगते. बारा वाजता चढवतात, जेवण देतात, आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला बोट काठाला बांधतात, कारण रात्री कोळी जाळी टाकतात. पुढची रात्र तुम्ही इतर बोटींच्या रांगेत जनरेटरचा आवाज ऐकत काढता, आणि साध्या बोटींवर एसी रात्रीपुरताच असतो. पैसे मात्र चांगल्या हॉटेलएवढे. त्यापेक्षा कुमरकोमला वेंबनाड तलावाच्या काठी खोली घ्या आणि सकाळी शिकारा बोट दोन-तीन तासांसाठी ठरवा. शिकारा लहान, त्यामुळे अरुंद कालव्यांत शिरते, जिथे हाऊसबोट जाऊच शकत नाही. तलावाभोवतीच्या कुट्टनाड भागातली भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे. बांधाच्या एका बाजूला पाणी वर आणि दुसऱ्या बाजूला शेत खाली, हे बोटीत बसूनच नीट कळतं. अगदीच स्वस्तात हवं तर अलेप्पी ते कोट्टयम सरकारी प्रवासी बोट आहे, अडीच तास, तिकीट किरकोळ, शेजारी शाळेची पोरं आणि बाजाराच्या पिशव्या. समुद्रच हवा असेल तर कुमरकोमऐवजी अलेप्पीच्या उत्तरेला मरारीचा किनारा. शांत आहे, पण पोहायला जपून.

जेवणाची काळजी तुमच्या सासूबाईंना असेलच. खोबरेल तेल सगळीकडे नसतं, आणि अप्पम-इष्टू (तांदळाचं जाळीदार घावन आणि नारळाच्या दुधातला रस्सा), पुट्टू-कडला (वाफवलेलं तांदळाचं पीठ आणि काळ्या हरभऱ्याची उसळ) हे शाकाहारी माणसालाही आवडतं. मासे खात असाल तर करिमीन हा इथला मासा सोडू नका.

घरून आणखी एक सूचना येईल: ‘एवढं खाली जाताय तर रामेश्वर करून या.’ मुन्नारहून रामेश्वर तीनशे किलोमीटरच्या वर आहे. नम्रपणे नाही म्हणा, पुढच्या वेळी आई-बाबांना घेऊन जाऊ म्हणा.

एवढी सुट्टीही नाही मिळाली, तीनच रात्री मिळाल्या, तर केरळचा हट्ट सोडा आणि देवबाग-तारकर्ली गाठा. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथली ती चिंचोळी पट्टी डिसेंबरात कुठल्याही परदेशी किनाऱ्याच्या तोडीची असते, आणि कुडाळपर्यंत रेल्वे आहे.

कागदपत्रांचं विचारलं होतंत. हॉटेलात दोघांचं आधार पुरतं, लग्नाचा दाखला सहसा कोणी मागत नाही. विमानाचं तिकीट मात्र वधूच्या माहेरच्या नावाने काढा, कारण ओळखपत्रावर तेच असणार. नाव बदलायचं असेल तर परत आल्यावर बदला.

विमान महाग वाटून नेत्रावती एक्स्प्रेसने यायचा विचार असेल तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि शबरीमलेच्या दिवसांत केरळच्या गाड्या लवकर भरतात, म्हणून आरक्षण उघडेल त्या दिवशी सकाळीच तिकीट काढायला बसा. पण आधी मुन्नारची खोली पक्की करा. दोन-तीन हॉटेलं निवडलीत की नावं इथेच खाली लिहा, कुठली कोणत्या बाजूला पडतात ते सांगते.