दहावा माणूस ठेवण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

इंदूरच्या सांवेर रोडच्या शेडमध्ये शेवेची तिसरी भट्टी लावतोयस आणि आणखी माणसं घेतोयस, हे तुझ्या आईकडून कळलं. आनंद झाला. पण "आपल्याकडे सातच जण, आपल्याला कामगार कायद्याचं काही लागत नाही" असंही तू म्हणालास म्हणे, म्हणून हे लिहितोय.

तुझे सात हे खरे सात नाहीत. दुपारी पॅकिंगला येणाऱ्या दोघी बायका आणि ठेकेदाराने पाठवलेला हमाल तुझ्या हजेरीपत्रकात नसतील, पण इन्स्पेक्टरच्या मोजणीत असतात. रोजंदारी, कच्चा, ठेक्याचा असला भेद तिथे चालत नाही. म्हणजे तू आजच दहावर आहेस, आणि दहाला ईएसआय, म्हणजे सरकारचा कर्मचारी विमा, लागतो.

हिशेब सोपा आहे. 16,000 पगाराच्या कारागिराच्या पगारातून पाऊण टक्का, म्हणजे 120 रुपये कापायचे. आपले सव्वातीन टक्के, म्हणजे 520 घालायचे. आणि हे 640 पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायचे. पगार 21,000 च्या वर असेल तर ईएसआय नाही. पण मधेच वाढ देऊन कुणी ती रेघ ओलांडली, तर तो सहामाही कालावधी संपेपर्यंत, सप्टेंबर किंवा मार्चपर्यंत, कपात चालूच ठेवायची. उद्या कढईजवळचा माणूस तेलाने भाजला तर नंदानगरच्या ईएसआय इस्पितळात त्याचे उपचार होतात, घरी बसल्या दिवसांचे पैसेही मिळतात. नोंदणी नसेल तर हा सगळा खर्च तुझ्या गल्ल्यातून जाईल.

पीएफ, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, वीस माणसांवर लागतो, आणि एकदा लागला की माणसं अठरावर आली तरी सुटत नाही. 15,000 मूळ वेतनावर कारागिराचे 1,800, तुझे 1,800, शिवाय प्रशासन शुल्क आणि विम्याचे मिळून तुझे आणखी 150. त्यामुळे विसावा माणूस फक्त स्वतःचा पगार घेऊन येत नाही, आधीच्या एकोणीस जणांचा पीएफही घेऊन येतो. पीएफ कमी बसावा म्हणून 'बेसिक पाच हजार दाखव, बाकी भत्ते' असा सल्ला देणारे राजवाड्यापासून पलासियापर्यंत पुष्कळ भेटतील. पण 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी वेतन संहिता लागू झाली आहे. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनातच धरतात. नियुक्तीपत्रही आता प्रत्येकाला द्यावं लागतं.

प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे राज्याचा व्यवसाय कर, आपल्या मध्य प्रदेशात वर्षाला सव्वादोन लाखांपर्यंतच्या पगारावर नाही. तुझ्या 22,000 च्या सुपरवायझरचे महिन्याला 125 कापायचे, एवढंच. टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापायचा आयकर, सध्या तरी तुझ्या कुणाच्या पगारावर बसत नाही. बसेल तेव्हा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, लागेल आणि कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या 7 तारखेला भरावी लागेल. उशीर झाला तर महिन्याला दीड टक्का व्याज.

आता खरं सांगायचंय ते. दिवाळीच्या तोंडावर बेसन-तेलाचे पैसे रोख मोजायचे असतात, दुकानदारांकडची उधारी अडकलेली असते, आणि कापून ठेवलेले पैसे खात्यात दिसत असतात. आठ दिवस फिरवून घेऊ, असं वाटतं. ते फिरवायचे नाहीत. ते पैसे तुझे नाहीतच, कारागिरांचे आहेत. बँकेत दुसरं खातं उघड आणि पगाराच्या दिवशीच कपात व आपला हिस्सा तिकडे वळता कर. घरच्या कुणालाही त्या खात्याचं चेकबुक देऊ नकोस. तुझ्या वडिलांनाही नाही. त्यांचा स्वभाव मी ओळखून आहे.

कारागीर स्वतःच म्हणतील, "शेठ, कापू नका, पूर्ण हातात द्या." त्यांचं बरोबरच आहे, घरभाडं त्यांनाही असतं. पण त्यांनी सोडलं म्हणून कायदा सोडत नाही. आणि या महिन्याची कपात राहिली तर पुढच्या पगारातून दोन्ही मिळून कापता येत नाही. मग त्याचा हिस्साही तूच भरायचा, वर वर्षाला 12 टक्के व्याज. उचल दिलेली असेल तर तिचा हिशेब वेगळा लिही, या कपातीत मिसळू नकोस.

रविवारी सकाळी ये. हजेरीपत्रक, ठेकेदाराची बिलं आणि गुमास्ता परवाना बरोबर आण. शेव आणू नकोस, डॉक्टरांनी बंद केलीय.

तुझा,
काका