स्थिरांकांची नुसती यादी पाठ करू नका

भौतिकशास्त्र नव्याने वाचायला लागलं की सगळे स्थिरांक, म्हणजे निसर्गाच्या नियमांतले न बदलणारे आकडे, एकाच पंगतीत बसवले जातात. तसं करू नका. आधी एवढंच विचारा: एकक बदललं तर आकडा बदलतो का?

प्रकाशाचा वेग घ्या, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. १९८३ पासून हा आकडा कुणी मोजत नाही, तो ठरवलेला आहे. मीटरच त्याच्यावरून काढतात. त्यामुळे 'हा वेग उद्या दुप्पट झाला तर?' हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. नेमकं काय बदललं, वेग की मोजायची पट्टी, हे आधी सांगा! प्लांकच्या स्थिरांकाचं (पुंजभौतिकीतला, म्हणजे क्वांटम सिद्धांतातला, मूळ आकडा) २०१९ मध्ये तेच झालं, किलोग्रॅम त्याला बांधला गेला. गंमत म्हणजे एककांच्या त्याच फेरबदलात म्यू-नॉट (निर्वात पोकळीतल्या चुंबकत्वाचा स्थिरांक), जो आधी व्याख्येनंच पक्का होता, तो मोजायच्या रांगेत आला. म्हणजे 'नेमका' आणि 'मोजलेला' ही वाटणी निसर्गाची नाही, आपली आहे.

सूक्ष्म-संरचना स्थिरांकाची, म्हणजे विद्युतचुंबकीय बल किती जोरदार हे सांगणाऱ्या आकड्याची, गोष्ट निराळी. साधारण १/१३७.०३६, एकक नाहीच. कुठलीही पट्टी घ्या, तोच येणार. तो एवढाच का, हे आजच्या सिद्धांतातून निघत नाही, मोजावंच लागतं. माझ्या मते डोकं खाजवायचं तर इथे.