चौथ्या सीटवर साशिको

प्रश्न : ताई, मी रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला जाते. जाऊन-येऊन अडीच तास मोबाईल बघण्यात जातात. साशिको नावाचं जपानी भरतकाम शिकावंसं वाटतंय. ऑनलाइन जपानी किट बघितलं आणि किंमत पाहून गप्प बसले. किटशिवाय जमेल का? आणि लोकलमध्ये होण्यासारखं आहे का? मला शाळेतला धावदोरा आणि बटण लावणं, एवढंच येतं.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : धावदोरा येतो ना, मग अर्धं काम झालं. साशिको म्हणजे मुळात धावदोराच. रिंग लागत नाही, त्यामुळे सगळा संसार पोळीच्या डब्यात मावतो.

किट विसरा. जुनं मऊ धोतर किंवा जाडसर मलमल घ्या, धुऊन दुहेरी करा आणि वीस सेंटीमीटरचा चौकोन कापा. घट्ट विणीचं पॉपलिन नको, सुई अडते. सुई पाच सेंटीमीटरच्या आसपास लांब, मोठ्या नेढ्याची आणि टोकदार हवी. दाभण मात्र नको, भोकं पडतील. जपानी साशिकोचा दोरा सुती, सैल पिळाचा, बिनचमकीचा असतो. आपल्याकडे आठ नंबरच्या पर्ल कॉटनवर छान भागतं, थोडी चमक जास्त एवढंच. भरतकामाच्या सहापदरी लडीच्या वाटेला जाऊ नका, पदर सुटून गुंता होतो.

आता खरी गोष्ट. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं योकोहामात होते, तेव्हा वस्तीतल्या वर्गात मी हे शिकले. माझा हात आजीच्या गोधडीवर तयार झालेला. गोधडीत आपण दोरा ओढतो, चुण्या पडतात आणि त्या शोभतातही. माझा पहिला रुमाल तसाच झाला, तळलेल्या पापडासारखा वाकडा. बाई काही बोलल्या नाहीत. रुमाल हातात घेतला आणि शिवलेल्या ओळीवरून अंगठा नि बोट दाबत कापड हळूहळू सरळ करत नेलं. दोरा मोकळा झाला, चुण्या गेल्या. याला तिथे ‘इतो-कोकी’ म्हणतात. प्रत्येक ओळीनंतर हे करायचंच. साशिकोत शिकण्यासारखं एवढंच आहे, बाकी नक्षी कुठल्याही पुस्तकात मिळते.

लोकलचं म्हणाल तर, साशिकोत सुई जवळजवळ स्थिर असते. डाव्या हाताने कापड वरखाली करत सुईवर चार-सहा टाके गोळा करायचे आणि मग एकदम ओढायचं. कोपर हलतं ते फक्त त्या ओढण्यापुरतं. म्हणून दोरा अर्ध्या मीटरपेक्षा लांब घेऊ नका, नाहीतर तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर बसून शेजारणीच्या बरगड्यांत कोपर जाईल. दोरे घरीच कापून ठेवा, कात्री बाहेर काढायलाच नको.

आखणीही घरीच. पाच मिलिमीटरच्या चौकटी आखा. आधी सगळ्या आडव्या ओळी, एक चौकट वर, एक खाली. मग उभ्या ओळी अशा, की प्रत्येक आडव्या टाक्यावर फुली पडेल. हा ‘जूजी-झाशी’. टाक्याची लांबी चौकटच ठरवते, नजरेला ताण नाही आणि ठाणं आलं की ओळ अर्धी सोडून उठता येतं. सुरुवातीला गाठ मारू नका. कडेच्या तीन-चार टाके आत सुरू करा, कडेपर्यंत जा आणि त्याच टाक्यांवरून परत फिरा. आखायला साधी शिसपेन्सिल वापरा, हलक्या हाताने. पाण्याने जाणारं निळं पेन मी वापरलं होतं, मे महिन्यात हाताच्या घामानेच निम्मी आखणी पुसली गेली!

जाता जाता एक गंमत. जपानच्या उत्तरेला, त्सुगारु भागात, थंडीमुळे कापूस पिकत नसे. शेतकऱ्यांच्या अंगावर भांगेच्या वाखाचं विरविरीत कापड. त्याची भोकं सुती दोऱ्याने भरून बायका ते उबदार करत, साशिकोच्या या प्रकाराला ‘कोगिन’ म्हणतात. 1891 मध्ये तोक्योहून आओमोरीपर्यंत रेल्वे आली, मागोमाग सुती कापड स्वस्त झालं आणि कोगिनची गरज संपत गेली. आणि तुम्ही साशिको रेल्वेतच बसून शिवणार!

प्रश्न : मी ‘असानोहा’ ही पानांची नक्षी करतेय. जिथे सगळ्या रेषा मिळतात तिथे दोऱ्याचा गोळा होतो. काय चुकतंय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही प्रत्येक टाका नेमक्या बिंदूवर टेकवताय. मधला बिंदू मोकळा सोडा. सगळ्या रेषा त्याच्या जरा अलीकडे थांबवा, गव्हाच्या दाण्याएवढी जागा राहू दे. कोपऱ्यावर वळताना मागच्या बाजूला दोऱ्याचा छोटासा फास सैल सोडा, म्हणजे धुतल्यावर कापड आखडणार नाही. झालेला गोळा उसवून काढा, इस्त्रीने तो जात नाही. मी प्रयत्न केलाय.