पास्कल राहू द्या, बॅटरी निघते का ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, शेजारी बांधकाम चालू, घरात एक मांजर, आईंना धुळीची अ‍ॅलर्जी आणि वर कंबरदुखी. बजेट २० हजारांच्या आत. कॉर्डलेस व्हॅक्युम क्लीनरची दोन मॉडेलं मनात आहेत, एकावर २५ हजार पास्कल लिहिलंय आणि दुसऱ्यावर ३३ हजार. तर दुसरं घेऊ का?

निदान त्या आकड्यावरून तरी नको. पास्कल म्हणजे यंत्राचं तोंड पूर्ण बंद केल्यावर आत किती ओढ तयार होते, ते. पण तोंड बंद असताना हवा वाहतच नाही, आणि केर उचलते ती वाहती हवा. ओढ आणि हवेचा प्रवाह दोन्ही धरून जो आकडा निघतो त्याला एअर वॅट म्हणतात. तो छापलेला असेल तर तुलना करा. खोक्यावर मोठ्या अक्षरात जे ४५० वॅट असतं, ती मोटरची वीज खाण्याची भूक आहे, कामाची पावती नव्हे.

त्या भुकेचा हिशोब मात्र जरूर करा, कारण ‘६० मिनिटं चालतं’ या वाक्याची गंमत तिथेच कळते. २५.२ व्होल्टची २५०० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे २.५ अँपिअर-तास) बॅटरी घ्या. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, म्हणजे ६३ वॅट-तास. मोटर ४५० वॅट खात असेल तर पूर्ण जोरावर सव्वाआठ-साडेआठ मिनिटांत खेळ खलास. एक तास चालवायचं असेल तर ६३ वॅटवर चालवावं लागेल, आणि त्या वेगात ते फरशीवरचे केस उचलेल, सोफ्याच्या कापडात रुतलेले नाही. घर मधल्या वेगात २०-२५ मिनिटांत होतं, त्यामुळे मधल्या वेगाला किती वेळ मिळतो तेच विचारा.

आता माझी फजिती. पहिलं यंत्र सेलमध्ये घेतलं, बॅटरी आत बसवलेली. पहिलं वर्ष झकास. दोन वर्षांनी हॉल झाला की बेडरूमच्या दारात बंद पडायला लागलं. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, बॅटरी सुटी मिळत नाही, मोटरसकट पूर्ण बॉडी बदला. आणि किंमत सांगितली ती नव्या यंत्राच्या पाऊण. लिथियम-आयन बॅटरी काही शे वेळा चार्ज झाली की तिची ताकद उतरतेच, त्यात कंपनीचा दोष नाही. पण ती बदलता येऊ नये अशी रचना करणं हा शुद्ध चावटपणा. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न एकच: बॅटरी खटका दाबून निघते का, आणि आज, आत्ता, सुटी किती रुपयांना मिळते? ‘मिळेल हो सर’ हे उत्तर धरू नका. किंमत सांगता आली तरच ती वस्तू आहे असं समजा. फिल्टर आणि रोलरबद्दलही हेच.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढचं ब्रशचं डोकं. आपल्याकडे गालिचे कमी, टाइल्स जास्त. कडक केसांचा गोल ब्रश गालिच्यासाठी उत्तम, पण फरशीवर तो मोहरी आणि तांदळाचे दाणे उडवत पुढे पळतो. फरशीला मऊ, लोकरीसारखा रोलर हवा. दुसरं यंत्र घ्यायला गेलो तेव्हा मी खिशात एक पुडी नेली होती: चमचाभर रवा, थोडी मोहरी आणि बायकोच्या कंगव्यातला केसांचा पुंजका. विक्रेत्याला आधी हसू आलं. पुडी भिंतीच्या कडेला ओतली आणि एकेक यंत्र फिरवायला लावलं. सर्वात महागड्याने मोहरी थेट काउंटरखाली उडवली आणि रव्याची एक बारीक रेघ भिंतीलगत तशीच ठेवली. जे घेतलं त्याने दोनदा फिरवल्यावर कड साफ केली. केस रोलरला गुंडाळले का तेही उलटं करून बघा, आणि रोलर हाताने सुटा होतो की स्क्रू काढावे लागतात तेही.

वजन आईंच्या हातात देऊनच ठरवा. दोन-अडीच किलो ऐकायला कमी वाटतं, पण मोटर वर मुठीपाशी असली की सगळा भार मनगटावर येतो. शिवाय बटण कसं आहे ते बघा. डायसन कंपनीच्या व्ही८, व्ही१०, व्ही११ या मॉडेलांत खटका सतत दाबून धरावा लागतो, व्ही१२ मध्ये साधं चालू-बंद बटण आहे. २० हजारांत ही नावं बसणं अवघड, पण दोन्ही पद्धती स्वस्त यंत्रांतही दिसतात. सांधे धरलेल्या बोटांना खटका नको. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी खटक्याचं यंत्र दोन दिवसांत दाराआड ठेवलं आणि केरसुणी हातात घेतली. पुढे दिवा असलेलं डोकं मला आधी नखरा वाटलं होतं. तिरप्या उजेडात फरशीवरची बारीक धूळ खरंच दिसते. तोटा एवढाच की आमची आई मग थांबतच नाही.

अ‍ॅलर्जीसाठी खोक्यावर ‘हेपा’ (अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर) हा शब्द असणं पुरेसं नाही. फिल्टर चांगला असून सांध्यांतून हवा गळत असेल तर बारीक धूळ परत खोलीतच येते. यंत्र चालू करून डबा आणि बॉडीच्या सांध्यावर ओला हात फिरवा, झुळूक लागली तर सोडून द्या. डबा आईंनी रिकामा करू नये. अर्ध्या-पाऊण लिटरचा असतो, तो कचऱ्याच्या पिशवीत खोलवर धरून उघडायचा. फिल्टर धुण्याजोगा असेल तर धुतल्यावर २४ तास वाळू द्या. ओलसर बसवलात तर कुबट वास येतो आणि मोटरची वाट लागते ती वेगळीच. गादीसाठी छोटा ब्रश वापरा, पण खोळी-चादरी गरम पाण्यात धुणं चालूच ठेवा.

शेजारच्या बांधकामाची सिमेंटची पूड मात्र यात ओढू नका. फिल्टर काही मिनिटांत चोंदतो. ती ओल्या फडक्यानेच. मांजरीच्या ट्रेमधल्या मातीलाही हाच नियम, ओला गोळा आत गेला तर नळीत चिकटून बसतो. ट्रेभोवती सांडलेली माती आम्ही अजून सुपलीनेच भरतो.