साडेसात टक्के म्हणजे नेमके काय? गृहकर्जाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पुणे): आम्ही दोघे नोकरदार आहोत. वाकडला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेला ८० लाखांचा फ्लॅट ठरवला आहे, ६४ लाखांचे कर्ज लागेल. एका बँकेने ७.५० टक्के दर सांगितला, एका गृहवित्त कंपनीने ७.३५. दोन्ही फ्लोटिंग (वेळोवेळी बदलणारे), मुदत वीस वर्षे. मग कमी दराचे कर्ज घ्यावे, हे सरळच आहे ना?

सरळ नाही. आज ७.३५ मध्ये तुमचे महिन्याला सुमारे ५८५ रुपये वाचतील. पण कर्ज वीस वर्षांचे आहे आणि आजचा दर फार तर काही महिने टिकणार आहे. तेव्हा दर किती, याच्याआधी तो कसा बनला आहे ते विचारा.

बँकांना १ ऑक्टोबर २०१९ पासून फ्लोटिंग गृहकर्ज बाहेरच्या एखाद्या दराशी जोडावे लागते. बहुतेकांनी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, निवडला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ५.२५ टक्क्यांवर आला. त्यात बँक २.२५ मिळवते आणि तुम्हाला ७.५० सांगते. हे वरचे २.२५ म्हणजे स्प्रेड. रेपो तुमच्या किंवा तुमच्या बँकेच्या हातात नाही, तो वर जाईल, खाली येईल आणि तीन महिन्यांच्या आत तुमच्या हप्त्यात उतरेल. स्प्रेड मात्र कर्ज घेताना ठरतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत सोबत राहतो. त्यातला जोखमीचा भाग बँकेला तुमची पत लक्षणीय बदलली तरच बदलता येतो, आणि बाकीचा भाग तीन वर्षांच्या आत वाढवता येत नाही. म्हणून घासाघीस करायची ती स्प्रेडवर.

गृहवित्त कंपन्यांना हा नियम लागू नाही. त्यांचा स्वतःचा मूळ दर असतो आणि त्यातून सूट वजा करून तुमचा दर निघतो. मूळ दर कधी आणि किती हलवायचा, ते कंपनी ठरवते. रेपो वाढला की तो लवकर वाढतो, रेपो उतरला की रेंगाळतो, अशी तक्रार जुन्या कर्जदारांकडून नेहमी येते. नव्या ग्राहकाला जास्त सूट मिळते. जुन्याला तीच हवी असेल तर अर्ज करून रूपांतर शुल्क भरावे लागते. कंपनीचे कर्ज घेऊच नये, असे आम्ही म्हणणार नाही. उत्पन्नाचे कागद अपुरे असतील किंवा मालमत्तेच्या कागदांत बँकेला अडचण वाटत असेल, तर कंपनी कामाला येते. तुमचे दोघांचे पगार आहेत आणि फ्लॅटला ओसी आहे. ०.१५ टक्क्यासाठी रेपोची जोड सोडू नका.

त्याऐवजी त्या बँकेकडूनच दर कमी करून घ्या. तोंडी दराला काही किंमत नाही. दुसऱ्या एखाद्या बँकेत अर्ज करून तिचे सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचे पत्र) किंवा मुख्य तथ्य पत्रक हातात घ्या आणि ते घेऊन पहिल्या बँकेत जा. हे पत्रक १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासाठी सक्तीचे आहे. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर द्यावा लागतो, आणि त्यातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. हे तीन दिवस तुलनेसाठीच आहेत. स्प्रेड २.२५ वरून २.०० झाला तर हप्ता ९७३ रुपयांनी उतरतो, वीस वर्षांत सव्वादोन लाखांहून जास्त वाचतात. शाखेतला अधिकारी 'दर सिस्टीमवर येतो, आमच्या हातात नाही' असे म्हणाला, तर 'सवलतीचा प्रस्ताव वर पाठवा' असे सांगा. पगार खाते त्या बँकेत आणणे, चांगला सिबिल स्कोअर (कर्जफेडीतली पत दाखवणारा आकडा) आणि किमतीच्या तुलनेत कमी कर्ज, या तीन गोष्टींवर तो प्रस्ताव उभा राहतो.

बिल्डरच्या ऑफिसात बसलेल्या बँकेच्या माणसाबद्दलही सांगायला हवे. प्रकल्पाचे कागद आधीच तपासलेले असल्याने त्या बँकेचे कर्ज लवकर होते, हे खरे. दरही तिथलाच सर्वांत कमी असेल, असे मुळीच नाही.

स्वतःच्या खिशातले पैसे आताच मोजून ठेवा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के अशी कर्जाची कमाल मर्यादा आहे. तुमचे ६४ लाख म्हणजे बरोबर ८० टक्के. बाकीचे १६ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरली जात नाही. पुण्यात ७ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी, म्हणजे एकूण सुमारे २२ लाख हाताशी हवेत. इथे कमी पडले की लोक ऐन वेळी पर्सनल लोन काढतात. ते महाग तर असतेच, शिवाय त्याचा हप्ता उत्पन्नातून वजा होऊन गृहकर्जाची पात्रताही घटते.

प्रश्न (नाशिक): माझा सिबिल स्कोअर ७३१ आहे, पत्नीचा ७९०. बँक म्हणते ७५०च्या खाली दर वाढतो. सहा महिन्यांनी घर घ्यायचे आहे. तोवर स्कोअर वाढेल का? आणि घर पत्नीच्या नावावर घेतले तर फायदा होतो का?

सहा महिने पुरेसे आहेत, पण आधी स्कोअर कशामुळे अडला ते बघा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. चारही मागवा, कारण चूक अनेकदा एकाच ठिकाणी असते. फेडलेले कर्ज चालू दिसत असेल किंवा दुसऱ्याचे खाते तुमच्या नावावर असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

अहवाल बरोबर असूनही स्कोअर अडला असेल तर क्रेडिट कार्ड तपासा. 'मी तर बिल दर महिन्याला पूर्ण भरतो' असे बरेच जण सांगतात. पण बँक साधारणपणे बिल बनलेल्या दिवशीची थकबाकी कळवते. एक लाखाच्या मर्यादेवर सत्तर हजारांचे बिल निघाले की तुम्ही ७० टक्के मर्यादा वापरता, असेच दिसते, मग ते तुम्ही दुसऱ्या दिवशी का भरेना. बिल निघण्याच्या तारखेआधीच पैसे भरा आणि थकबाकी मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा. जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान पंधरा दिवसांतून एकदा कळवावी लागते, त्यामुळे फरक लवकर दिसतो. जुने कार्ड बंद करू नका. कुठे 'सेटल्ड', म्हणजे देण्यापेक्षा कमी रक्कम घेऊन खाते मिटवल्याचा, शेरा असेल तर उरलेली रक्कम भरून ना-देय पत्र घ्या आणि शेरा 'क्लोज्ड' करून घ्या. आणि सहा बँकांत एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी नोंदली जाते. आपला अहवाल दाखवून दर विचारा आणि अर्ज दोनच ठिकाणी करा.

पत्नी पहिल्या अर्जदार आणि मालक असतील तर अनेक बँका ०.०५ टक्के सवलत देतात. ती लहान आहे. मोठा फायदा मुद्रांक शुल्कात आहे. महाराष्ट्रात घर फक्त महिलेच्या नावावर घेतले तर शुल्क १ टक्क्याने कमी लागते, ५० लाखांवर सरळ ५० हजार. पतीचे नाव सहमालक म्हणून आले की ही सवलत जाते. तुम्ही मालक नसतानाही सहकर्जदार राहू शकता, म्हणजे तुमचे उत्पन्न पात्रतेत धरले जाते. मात्र मालकी नसेल तर व्याजावरची प्राप्तिकर वजावट तुम्हाला मिळणार नाही. दोघे कर्जदार असाल तर बँक कोणाचा स्कोअर धरते, ते अर्जाआधी विचारा. काही बँका दोघांतला कमी स्कोअर धरतात.

प्रश्न (ठाणे): २०२१ मध्ये ३० लाखांचे कर्ज ६.७० टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी घेतले. हप्ता कधीच वाढला नाही. आता स्टेटमेंटमध्ये शेवटची तारीख माझ्या निवृत्तीच्या कितीतरी पुढे गेलेली दिसते. हे कसे झाले?

हप्ता वाढला नाही, म्हणूनच झाले. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. तुमचा दर त्याच मापाने ९.२० झाला असणार. सोपे जावे म्हणून ही वाढ दोन वर्षांनी एकदम झाली असे धरू. तुमचा हप्ता २२,७२२ रुपये, उरलेले मुद्दल सुमारे २८ लाख ४७ हजार. त्यावर ९.२० टक्क्यांनी महिन्याचे व्याजच २१,८२८ रुपये होते. मुद्दलात जेमतेम नऊशे रुपये जातात. या गतीने उरलेल्या अठरा वर्षांची पस्तीस वर्षे होतात. तेव्हाच हप्ता २७,०१८ केला असता, तर कर्ज ठरल्या तारखेलाच संपले असते.

२०२५ मध्ये रेपो सव्वा टक्क्याने उतरला, तेव्हा हप्ता आहे तसाच राहिला असेल तर मुदत बरीच मागे आली असेल, पण मूळ तारखेपर्यंत नाही. तेवढ्यावर थांबू नका. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनेनुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे निवडण्याचा अधिकार कर्जदाराला आहे. उरलेले हप्ते आणि आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज दाखवणारे स्टेटमेंटही दर तिमाहीला द्यावे लागते. निवृत्तीचे वर्ष लिहून 'त्याआधी कर्ज संपेल असा हप्ता लावा' असा अर्ज शाखेत द्या आणि पोच घ्या. एकरकमी पैसे भरणार असाल तर 'हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा' असे त्याच अर्जात लिहा. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही.

प्रश्न (नागपूर): ४० लाख बाकी, पंधरा वर्षे राहिली आहेत, दर ९ टक्के. दुसरी बँक ८ टक्क्यांनी कर्ज घ्यायला तयार आहे, हप्ता सात हजारांनी कमी होईल म्हणते. जावे का?

त्या सात हजारांपासून सावध राहा. सध्या तुमचा हप्ता ४०,५७१ रुपये आहे. ८ टक्क्यांनी त्याच पंधरा वर्षांसाठी तो ३८,२२६ होईल, म्हणजे फरक २,३४५ रुपयांचा. सात हजारांचा फरक पडतो, कारण नवी बँक कर्ज पुन्हा वीस वर्षांचे करते आहे. तो हप्ता ३३,४५८. एकूण भरणा मात्र ७३ लाख ३ हजारांवरून ८० लाख ३० हजार होतो. दर एक टक्क्याने कमी आणि तुम्ही सव्वासात लाख जास्त भरता! कर्ज हलवायचेच असेल तर पंधरा वर्षांच्या मुदतीवर अडून बसा. जमत असेल तर हप्ता जुनाच, ४०,५७१ ठेवा. कर्ज दीड वर्ष आधी संपेल आणि सुमारे साडेसात लाख वाचतील.

पण पहिला अर्ज आपल्याच बँकेत करा. नव्या बँकेचे पत्र जोडून स्प्रेड कमी करायला सांगा. ऑक्टोबर २०२५ पासून बँकांना जुना ग्राहक टिकवण्यासाठी तीन वर्षे न थांबता स्प्रेड उतरवता येतो. 'आमच्या नियमात बसत नाही' असे उत्तर आले तर हे दाखवा. रूपांतर शुल्क पडले तरी ते कर्ज हलवण्याच्या खर्चापेक्षा बहुधा कमी असते. हलवताना प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, वकील आणि मूल्यांकन यांचे शुल्क, शिवाय महाराष्ट्रात कागद नव्या बँकेकडे तारण ठेवताना कर्जाच्या रकमेच्या प्रमाणात पुन्हा मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनची (तारणाची सूचना निबंधक कार्यालयात नोंदवण्याची) फी लागते. नवी बँक 'प्रोसेसिंग फी माफ' म्हणते तेव्हा हे शेवटचे खर्च त्यात धरलेले नसतात. सगळ्यांची बेरीज करून २,३४५ ने भागा. तितक्या महिन्यांनी तुमचा फायदा सुरू होतो. दोन वर्षांच्या आत तो सुरू होत असेल तर जा.

जायचे ठरले की जुन्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल ते सांगणारे पत्र) आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी मागवा. ही यादी तुमच्याकडच्या झेरॉक्सशी एकेक करून ताडा. मूळ करारनामा किंवा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा) त्यात नसेल तर ते पैसे फेडण्याआधी कळलेले बरे. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने तीस दिवसांत कागद परत द्यायचे असतात. उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

प्रश्न (कोल्हापूर): बँक म्हणते कर्जासोबत त्यांचा विमा घेतला तरच हा दर मिळेल. प्रीमियम दीड लाख, तो कर्जातच मिळवणार. घ्यावा लागतो का?

बँकेच्याच कंपनीचा विमा घ्या, अशी सक्ती करता येत नाही. दीड लाख कर्जात मिळवले तर ८ टक्क्यांनी वीस वर्षांत त्याचे तीन लाख एक हजार भरावे लागतात. आणि कर्ज मध्येच हलवले तर ती पॉलिसी बरोबर येईल की नाही, हाही प्रश्न उरतोच. कर्जाएवढा विमा असायलाच हवा, घरच्यांसाठी तो फार गरजेचा आहे. पण तो स्वतंत्र टर्म प्लॅन म्हणून, वर्षाला प्रीमियम भरून घ्या आणि त्याची प्रत बँकेला द्या. 'विमा नसेल तर दर वेगळा' हे त्यांना ईमेलवर लिहून द्यायला सांगा. दर खरेच वाढवला, तर विमा धरून एक आणि न धरता एक अशी दोन तथ्य पत्रके मागा आणि दोन्हींतले वार्षिक दर शेजारी ठेवून बघा.