स्वस्तातली मॉलची सायकल घ्यावी का? बिघडली तर दुरुस्त करण्यात अर्थ आहे का?

रोज दोन-चार किलोमीटर सपाट रस्त्यावर जायचं असेल तर जरूर घ्या, पण गिअर आणि शॉकअप नसलेली. त्या किमतीतला शॉकअप म्हणजे नुसतं वजन, आणि त्याचा खर्च ब्रेक नि चाकांमधून कापलेला असतो.

आणल्या आणल्या चालवू नका. जोडणी बऱ्याचदा घाईत होते; पुढचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) चक्क उलटा बसवलेल्या सायकली मी पाहिल्यात, आणि ते खरंच धोक्याचं आहे. चाक काढून एक्सल (चाकाच्या मधला दांडा) दोन बोटांनी फिरवा. खरखर लागली तर कोन (एक्सलवरचे, बेअरिंगच्या गोळ्यांना दाबणारे शंकूसारखे नट) जास्त आवळलेत. थोडे सैल करा, ग्रीस भरा. एवढ्यानेच तिचं आयुष्य खूप वाढतं.

ट्यूब, ब्रेकचे रबर, केबल, चेन बिनधास्त बदला. हे भाग सहसा कुठेही मिळतात. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच वाढल्या की चेन बदला. १/८ वाढेपर्यंत थांबलात तर मागचं फ्रीव्हीलही (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) गेलेलं असतं. फ्रेमला वेल्डिंगपाशी तडा दिसला तर मात्र एक पैसाही घालू नका.