आईला तंबाखू ‘लागते’, ती नेमकी कुठे?

प्रश्न : सर, मी निपाणीजवळच्या खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता पहिली पीयूसी (म्हणजे अकरावी) सायन्स, पीसीएमबी म्हणजे भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र. सगळं इंग्रजीत. चेतासंस्थेचा धडा मला फार आवडला, पण सोडियम-पोटॅशियमपाशी गाडी अडते. आई दुसऱ्याच्या रानात तंबाखूचे फुटवे काढायला जाते. पहाटे दवात गेली की घरी येऊन ओकते, डोकं गरगरतं म्हणते. बायका म्हणतात, तंबाखू लागली. याचं उत्तर धड्यात आहे का, असं वर्गात विचारलं तर ‘हे नीटला येत नाही’ असं सांगितलं. मला मेंदूचं आणि नसांचंच काहीतरी शिकायचं आहे. त्याला नीट हा एकच रस्ता का? बाबा म्हणतात, नीट नाही झालं तर डी.एड. कर आणि मोकळी हो.

उत्तर : बाळ, उत्तर त्याच धड्यात आहे. धड्याने ते तुमच्या रानापर्यंत आणलेलं नाही, एवढंच. आधी ते बघू, करिअरचं मागून.

चेतापेशीचे भाग तुला पाठ असणार. निरोप आत घेणाऱ्या वृक्षिका, मध्ये पेशीकाय आणि निरोप पुढे नेणारा अक्षतंतू. कमरेपासून पावलापर्यंत जाणारा अक्षतंतू मीटरभर लांब असतो, आणि तो एकाच पेशीचा भाग! पुष्कळ अक्षतंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं. तुमच्या भागातल्या मुलीला हे समजावणं सोपं आहे : विडी वळताना पान जसं जर्द्याभोवती गुंडाळत जातं, तसं मायलिन थरावर थर गुंडाळलेलं असतं. फरक इतकाच की ठरावीक अंतरावर थोडी जागा उघडी सुटते आणि निरोप त्या उघड्या जागांवरून उड्या घेत जातो. म्हणून वेष्टणाच्या जाड तंतूत निरोपाचा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत आणि त्याच्याही वर जातो. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूत तो जेमतेम एक-दोन मीटर असतो. ठेच लागली की आधी चटकन कळ येते आणि ठणका मागून सुरू होतो, कारण दोन्ही निरोप वेगवेगळ्या तंतूंतून येतात.

आता तुझी अडलेली गाडी. पेशी स्वस्थ असते तेव्हा तिची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. पेशीपटलातला पंप ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, सतत. निम्मी पोरं इथं चुकतात (मीही चुकलो होतो, पाठ करून मार्क मात्र मिळवले). त्यांना वाटतं, पंपामुळे निरोप जातो. पंपाचं काम टाकी भरून ठेवण्याचं. निरोप जातो तो नळ उघडल्यामुळे. सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, आतली बाजू क्षणभर धन होते. लगेच ती दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतो आणि आतली बाजू पुन्हा ऋण होते. तोवर शेजारच्या तुकड्यातली दारं उघडलेली असतात आणि विजेचा हा निरोप असाच पुढे सरकतो. हे सगळं एक-दोन मिलिसेकंदांत होतं. हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी माकूळ जातीच्या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर मोजमाप करून १९५२ मध्ये ते गणितात मांडलं, १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तू पीसीएमबी घेतलंस ते बरं केलंस. ‘बायोलॉजीवाल्यांना कशाला गणित’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस.

निरोप अक्षतंतूच्या टोकाला पोचला की पुढे फट असते, साधारण २० नॅनोमीटरची. बहुतेक ठिकाणी वीज ती फट ओलांडत नाही. टोकाशी साठवलेलं रसायन बाहेर पडतं, पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहींना (रिसेप्टर) चिकटतं आणि तिथली दारं उघडतात. यातलं एक रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. काम झालं की एक विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करून टाकतं, नाहीतर दार उघडंच राहील.

आणि इथं तुझी आई येते. तंबाखूतलं निकोटिन पाण्यात विरघळतं. दवाने भिजलेल्या पानावरून ते हाताच्या कातडीतून, ओल्या कपड्यातून रक्तात जातं आणि अ‍ॅसिटिलकोलिनच्या काही ग्राहींना जाऊन चिकटतं. ते विकर अ‍ॅसिटिलकोलिनला तोडतं, निकोटिनला तोडू शकत नाही. मग मेंदूत आणि पोटाकडे जाणाऱ्या नसांच्या गाठींत नको तेव्हा दारं उघडतात, म्हणून मळमळ, गरगर, ओकारी. डॉक्टरी पुस्तकांत याला ‘ग्रीन टोबॅको सिकनेस’ म्हणतात. आपल्या बायकांचा ‘लागली’ हा शब्द मला जास्त नेमका वाटतो, कारण निकोटिन खरोखरच ग्राहीला जाऊन लागतं. गंमत अशी की ‘ग्राही’ ही कल्पनासुद्धा निकोटिनमुळेच पुढे आली. केंब्रिजचे शास्त्रज्ञ लँगली यांनी १९०५ मध्ये पाहिलं की नस कापून ती निकामी झाल्यावरही कोंबडीचा स्नायू निकोटिनने आखडतो. म्हणजे निकोटिनला ‘ओळखणारं’ काहीतरी स्नायूवरच असलं पाहिजे. तू वर्गात जे विचारलंस, ते त्या प्रयोगाच्या अगदी शेजारचं आहे. तेव्हा ‘नीटला येत नाही’ हे मनाला लावून घेऊ नकोस.

आता रस्ते. नीट हा एक आहे, एकुलता नाही. न्यूरॉलॉजिस्ट व्हायचं तर एमबीबीएस साडेपाच वर्षं, मग एमडी तीन, मग डीएम तीन. आणि प्रत्येक पायरीला नवी प्रवेश परीक्षा. पेशंटसमोर बसायची आवड असेल तरच हा रस्ता धर. तुझ्या पत्रात पेशंटपेक्षा ‘का’ जास्त आहे, म्हणून मी तुला आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्र सरकारची संस्था, पाहायला सांगेन. पुण्याचं आयसर तुम्हाला फार लांब नाही, पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे आणि त्याची वेगळी प्रवेश परीक्षा असते. तिच्यात भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र चारही सारख्याच वजनाचे. पुढे बंगळुरूला निम्हान्स, एनसीबीएस आणि आयआयएससी या तिन्ही ठिकाणी चेतासंस्थेवर संशोधन चालतं. पीएच.डी.ला फेलोशिप असते, हे बाबांना मुद्दाम सांग.

आयसर नाही झालं तर साधी बी.एस्सी. कर, त्यात कमीपणा नाही. निपाणीला लागून हद्दीपलीकडे अर्जुननगरला देवचंद कॉलेज आहे, तिकडे बेळगावात जीएसएस, आरएलएस ही कॉलेजं आहेत. मग ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या संस्थेत एम.एस्सी.

अजून एक काम आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. नसांची चाचणी करणारा तंत्रज्ञ. मनगटावर हलका शॉक द्यायचा, अंगठ्याच्या स्नायूवर नोंद घ्यायची. मग कोपराशी तेच करायचं. दोन जागांमधलं अंतर २५ सेंटिमीटर आणि वेळेतला फरक ५ मिलिसेकंद आला, तर वेग किती? सेकंदाला ५० मीटर, म्हणजे नस ठीक आहे. मोठ्या हॉस्पिटलांत हे रोजचं काम असतं. शिक्षण कमी वर्षांचं, घराला लवकर हातभार.

माझं मत विचारशील तर नीट आणि आयसर दोन्ही दे, अभ्यास बराचसा तोच आहे. पण नीटसाठी वर्षामागून वर्ष ड्रॉप घेऊ नकोस; एकदा, फार तर. सीमाभागाचं एक ध्यानात ठेव : नीटची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. तू पीयूसी इंग्रजीत करतेस, तेव्हा इंग्रजीच घे. मात्र महाराष्ट्राच्या वैद्यकीय प्रवेशात सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांसाठी मोजक्या जागा असतात. तुमचं गाव यादीत आहे का, ते आत्ताच बघा. दाखले गोळा करायला वेळ लागतो आणि शेवटच्या आठवड्यात तलाठ्याकडे पळणारे पालक मी दरवर्षी बघतो.

इंग्रजीची भीती मला कळते. रोज एक पान वाच आणि रात्री आईला मराठीत सांग. जे वाक्य मराठीत सांगता येईना, तिथं अडचण इंग्रजीची नाही, ते तुला कळलेलंच नाही. तेवढं दुसऱ्या दिवशी पुन्हा वाच.

डी.एड. वाईट नाही, पण ते मागे ठेवायचं ताट आहे, असं बाबांना माझ्या नावाने सांग.

आणि आईला : दव सुकेपर्यंत रानात शिरू नये. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, कपडे भिजले तर लगेच बदलायचे, घरी आल्यावर साबणाने हात धुवायचे. मुकादम लवकर बोलावतो म्हणाली, तर निदान हातमोजे तरी. बाजारात ते फार महाग नाहीत, पुढच्या गुरुवारच्या आत आण.